दाजीचा माल

शिवाने ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तरी वहिनीने तांदळाची भाकरी त्याच्या मनगटावर ठेवलीच.

“वहिनी, नको. खरंच पोट भरलं.”

“भावजी, तुमी खाल्लंत काय? दोन भाकऱ्या. आमची मांजर जास्त खाते.”

समोर बसलेला दाजी हसला आणि सुरमईची आणखी एक तुकडी शिवाच्या ताटात सरकवली. अकरा दिवस हे असंच चाललं होतं. सकाळी आंबोळ्या, दुपारी मासे, संध्याकाळी पुन्हा मासे, मधे चहा किती त्याचा हिशेब नाही. पनवेलजवळ नेऱ्याला असलेल्या दाजीच्या त्या फार्महाऊसला चारी बाजूंनी उंच कुंपण होतं, फाटकाशी दोन कुत्रे होते आणि बाहेर पडायचं म्हटलं की ड्रायव्हर गणू गाडीची किल्ली घेऊन हजर. पाहुण्याने रिक्षाने फिरायचं? दाजीची अब्रू काय राहील मग?

शिवाचं नाव खरं म्हणजे शिवा नव्हे, सियावश. इराणातल्या बम गावचा, खजुराच्या बागा असलेल्या घरातला. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्याला बी.कॉम. करायला आला, तेव्हा हॉस्टेलात त्याच्या खोलीत हा दाजी येऊन पडला. ‘सियावश’ म्हणायला जीभ कोणाची वळते? दुसऱ्या दिवशी त्याचा शिवा झाला तो कायमचा. मराठीसुद्धा तो दाजीकडूनच शिकला, त्यामुळे त्याच्या बोलण्यात मधूनच एखादं ‘नाय’ येई आणि ऐकणारा त्याच्या गोऱ्या तोंडाकडे बघत राही.

दाजी तेव्हा चपला घासत मेसला जाणारा पोरगा होता. पुढे जमिनींना भाव आले, दाजी दोनदा निवडून आला, पळस्प्याला त्याचं कोल्ड स्टोरेज उभं राहिलं. आता पनवेलात कुठेही दाजीचं नाव घ्या, समोरचा खुर्ची पुढे करतो. म्हणून तर शिवा त्याच्याकडे आला होता.

शिवाचा एक कंटेनर खजूर अडकला होता. मजाफती जातीचा, काळा, मऊ, तोंडात टाकला की विरघळणारा. रमजानच्या आधी तो न्हावा शेव्याच्या बंदरात उतरायचा आणि वाशीचा एक व्यापारी तो उचलणार, असं ठरलं होतं. पण शिवाच्या धाकट्या भावाने तिकडे एका कागदावर वजनाचा आकडा चुकीचा घातला आणि ते निस्तरेपर्यंत ईद होऊन दोन दिवस उलटले. व्यापाऱ्याने हात वर केले. त्याचं तरी काय चुकलं? शिवा मिळेल त्या विमानाने आला. दाजीने माल सोडवून पळस्प्याला ठेवून घेतला आणि शिवाला नेऱ्याला.

तीन भावांचं वर्षाचं पीक त्या कंटेनरात होतं. दरसाल ते गावच्या दलालाला देऊन मोकळे होत. यंदा आपणच पाठवू, दलाल कशाला मधे, असं म्हणून शिवानेच भावांना भरीस घातलं होतं. आता व्हिसाचे नऊ दिवस उरले होते. माल तसाच टाकून परत जायचं, तर घरी तोंड काय दाखवायचं? रोज सकाळी थोरल्या भावाचा फोन येई आणि शिवा त्याला सांगे, दाजी बघतोय.

आणि दाजी बघतच होता, त्यात खोट नव्हती. हात धुऊन तो ओटीवरच्या झोपाळ्यावर बसला आणि त्याने मोबाइल स्पीकरवर टाकला.

“हां, शेठ. दाजी बोलतोय. आपला खजूर हाय पळस्प्याला. आलाव नाय अजून?”

“दाजी, तुमचा शब्द म्हणजे आम्हाला काय सांगायला पाहिजे? उद्याच येतो.”

“भावाचं काय?”

“भाव तुम्ही म्हणाल तो. तुमच्यापुढे भाव काय बोलायचा?”

दाजीने शिवाकडे बघून भुवया उडवल्या. बघ, असा त्याचा अर्थ. असे फोन रोज पाच-सहा होत. सगळे उद्या येणारे, सगळ्यांना भाव कबूल. एक जण खरोखरच आला होता. तो जेवला, दाजीबरोबर त्याने फोटो काढला, खजूर चाखून ‘वा वा’ म्हणाला आणि घरी गेला. त्याचा उद्या अजून उजाडायचा होता.

बाराव्या दिवशी शिवाने केस कापायचं निमित्त काढलं. गणूने त्याला पनवेलच्या टपाल नाक्याला सोडलं. केशकर्तनालयात शिरून, गाडी वळेपर्यंत थांबून शिवा मागच्या पावली बाहेर आला. पिशवीत खजुराची एक पेटी होती. बाजारपेठेत विचारत विचारत तो भावेशच्या दुकानात पोहोचला. सुक्या मेव्याची घाऊक पेढी, तीन पिढ्यांची. भावेश म्हणजे पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस. माल बघितल्याशिवाय तो माणसाकडे बघत नसे.

त्याने पेटी उघडली, एक खजूर उचलला, दोन बोटांनी दाबला, मधोमध फाडला, बी काढून बाजूला ठेवली, वास घेतला आणि मग तोंडात टाकला.

“मजाफती. बमचा?”

“हो,” शिवा म्हणाला. बारा दिवसांत त्याच्या गावाचं नाव पहिल्यांदाच कोणीतरी घेतलं होतं.

“साल जरा सुटलीय.”

“ती तशीच असते. ओलावा बघा.”

“ओलावा आहे. पण सीझन कुठाय? ईद गेली. आता कोण खातो? श्रावणापर्यंत ठेवावा लागेल मला. किती माल आहे?”

शिवाने सांगितलं. भावेशने एक भाव बोलून दाखवला. भाव इतका पडेल होता की शिवाला आनंद झाला. त्याने मान हलवली, आपला भाव सांगितला. भावेश हसला, म्हणाला शेठ, या भावात तर मी बदाम विकतो. शिवा खुर्ची ओढून बसला. ही घासाघीस त्याला समजत होती. हे त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं. चहा आला, फोननंबर लिहून घेतले गेले. दोघेही एकेक पायरी उतरत आणि चढत बऱ्यापैकी जवळ आले.

“माल ठेवलाय कुठे?”

“पळस्प्याला, कोल्ड स्टोरेजला.”

“कोणाच्या?”

“दाजीच्या.”

भावेशने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. पेटीचं झाकण नीट लावलं आणि पेटी शिवाच्या बाजूला सरकवली.

“हा दाजींचा माल आहे होय,” तो म्हणाला. “आधी सांगायचं नाही का? मला दोनदा फोन येऊन गेला त्यांचा. मी म्हटलं, येतो.”

“मग आला का नाही?”

“काय येऊ? शेठ, तुमच्याशी मी आता अर्धा तास डोकं लावलं. दाजींशी लावू? ते म्हणतील तो भाव. उद्या दहा पेट्यांत बुरशी निघाली, तर मी त्यांना फोन करून सांगू की दाजी, माल परत घ्या? पैसे द्यायला चार दिवस उशीर झाला, तर? माझा टेम्पो दुकानासमोर दुपारभर उभा असतो, तो कोणाच्या मेहेरबानीवर? मोठ्या माणसाचा माल घेतला की गळ्यात पडतो, आणि नको म्हटलं की आपण त्याच्या डोळ्यांत खुपतो. त्यापेक्षा येतो म्हणायचं आणि गप्प बसायचं. वाशीपर्यंत सगळे हेच करतायत.”

“पण माल माझा आहे. दाजीचा नाय.”

“असेल. पण ते स्वतःच्या तोंडाने सांगतायत ना, आपला माल म्हणून? बाजारात एकदा नाव लागलं की लागलं. आता तुम्ही लाख सांगा.”

शिवाने पेटी पिशवीत घातली. बाजारात ते नाव कोणी लावलं, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी दाजीने कोल्ड स्टोरेजमध्ये पेटी फोडली होती, एक खजूर तोंडात टाकून डोळे मिटले होते आणि म्हणाला होता, “काय माल हाय रं, शिवा.” त्यावर शिवाने छातीवर हात ठेवून बमला जे म्हणतात ते म्हटलं, “तुझाच आहे.” बमला हे सगळेच म्हणतात. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, टॅक्सीवाला उतारूला म्हणतो. समोरच्याने नको नको म्हणायचं, याने पुन्हा आग्रह करायचा, असं तीनदा झालं की मग खरं बोलणं सुरू होतं. दाजीने एकदाही नको म्हटलं नाही. त्याने शिवाच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि म्हणाला, “मग झालं तर. माझा माल म्हनूनच इकतो.” दाजीच्या गावात जिवाभावाचा माणूस ‘तुझंच हाय’ म्हणाला, तर ते तसंच असतं. शिवाला तेव्हा गहिवरून आलं होतं.

“मग आता मी काय करू?” त्याने विचारलं.

“दाजींनी स्वतः सांगायला पाहिजे, माझा नाही म्हणून. आणि ते कशाला सांगतील? तुम्ही त्यांच्याच घरी जेवताय.” भावेशने चहाचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. “माल मात्र एक नंबर आहे.”

संध्याकाळी दाजी भलताच खुशीत होता. त्याने अलिबागहून जिताडा मासा मागवला होता.

“शिवा, उद्या मी सोता वाशीला जातोय. एकेकाच्या गाळ्यावर जाऊन बसतो. बघू कोन नाय म्हनतो.”

“नको रे. तुला त्रास.”

“त्रास कसला? माझाच माल हाय ना?”

शिवा काय म्हणणार होता? तू माझ्यासाठी काही करू नको? तुझं नावच माझ्या आड येतंय? ज्या माणसाच्या भाकरीवर बारा दिवस काढले, त्याला असं सांगायला जीभ उचलत नाही, बमलाही नाही आणि नेऱ्यालाही नाही. त्याने मनातल्या मनात वाक्य तीनदा जुळवलं. तिन्ही वेळा ते उपकार विसरलेल्या माणसाचं वाक्य झालं.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. वहिनी पाटावर बसून जिताड्याचे खवले काढत होती. शिवा ओट्याला टेकून उभा राहिला आणि त्याने तिला सगळं सांगितलं, अडखळत, मधेच हिंदी शब्द घालत. भावेश काय म्हणाला ते सांगितलं. पहिल्या दिवशी आपण काय बोललो तेही सांगितलं.

“माझा चूक आहे,” तो म्हणाला. “त्याचा नाय.”

वहिनीचे हात थांबले नव्हते.

“मंग आता?”

“आता काय? दाजीनेच म्हटलं, हा माल माझा नाही, तर उद्या विकला जाईल. पण तो असं का म्हणेल? मी त्याला सांगू शकत नाही, वहिनी. तुम्हीपण सांगू नका. त्याला वाईट वाटेल.”

वहिनीने मासा पाण्यात बुडवला, खळखळून धुतला आणि ताटात ठेवला.

“जेवायला बसा,” ती म्हणाली. “भात झालाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी न बोलता चहा प्यायला. वाशीचं नावही त्याने काढलं नाही. दहा वाजता म्हणाला, “चल, गाडीत बस.” गणूने गाडी पनवेलच्या बाजारपेठेत घातली आणि भर गर्दीत, भावेशच्या दुकानासमोर उभी केली. आसपासच्या दुकानदारांनी हात जोडले. दाजीने कोणालाच हात केला नाही. खाली उतरून त्याने शिवाच्या बाजूचं दार उघडलं.

“उतर.”

शिवा उतरला.

“ऐका रे सगळे,” दाजी म्हणाला. त्याचा आवाज सभेचा होता, माईकची गरज नसलेला. “हा मानूस माझ्या नावावर खजूर इकतोय. तो खजूर माझा नाय. माझा नि ह्याचा काय संबंध नाय. शिकायला एकत्र होतो म्हनून घरात घेतला, तर बारा दिवस फुकट खात बसला.”

रस्त्यावरची वर्दळ थांबली. भावेश गल्ल्यावरून उठून पायरीवर आला.

“दाजी,” शिवा म्हणाला.

“दाजी कोनाला म्हनतोस? तीन दिवस देतो. तीन दिवसांत कोल्ड स्टोरेज खाली कर, नायतर सगळा माल खाडीत टाकीन.”

गणूने डिकीतून शिवाची बॅग काढून त्याच्या पायाशी ठेवली. दाजी गाडीत बसला. त्याने शिवाकडे एकदाही बघितलं नव्हतं, बोलतानासुद्धा त्याची नजर समोरच्या पाटीवर होती. गाडी गेली. फुकट खात बसला, हे शब्द शिवाच्या कानांत राहिले. लाजेने त्याचे डोळे भरून आले आणि एवढ्या माणसांत ते पुसताही येईनात. भाकरीसाठी पुढे केलेला हात मनगटातून तोडला असता तरी त्याला इतकं लागलं नसतं.

एस.टी. स्टँडजवळच्या एका लॉजवर त्याने खोली घेतली. तासभर तो नुसता पलंगावर बसून राहिला. मग टॉवेल काढायला त्याने बॅग उघडली. आत सगळे शर्ट धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून ठेवलेले होते. पासपोर्ट आणि मालाचे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे बांधलेले होते. शिवा त्या घड्यांकडे बघत राहिला. चिडून हाकलून दिलेल्या माणसाचे शर्ट कोणी इस्त्री करतं का? पण दाजीचा चेहराही त्याच्या डोळ्यांसमोर होता. पंचवीस वर्षांत तसा चेहरा त्याने पाहिला नव्हता. काय खरं धरायचं ते त्याला ठरवता येईना.

फोन वाजला. भावेश होता.

“शेठ, ऐकलं मी सगळं. वाईट झालं.” मग तो क्षणभरही न थांबता म्हणाला, “तीन दिवस आहेत ना तुमच्याकडे? बसायचं का?”

ते बसले. भावेशबरोबर वाशीचे आणखी दोघे होते. त्यांनी पळस्प्याला जाऊन पेट्या फोडल्या, खजूर दाबले, फाडले, नाकं मुरडली. साल सुटलीय, पेट्या दबल्यात, ईद गेली, तुम्हाला तर जागा खाली करायचीय. सगळं बोलून झालं. शिवानेही सोडलं नाही. मग दुसरीकडे नेतो म्हणाला, उठून फाटकापर्यंत गेला, परत आला. एकाने त्याला लुच्चा म्हटलं. शिवाला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सौदा झाला. मनात होता त्याहून भाव थोडा कमी मिळाला, पण भावांना तोंड दाखवण्याइतका मिळाला. तिसऱ्या दिवशी शेवटचा टेम्पो भरून गेला. त्या तीन दिवसांत कोल्ड स्टोरेजला दाजी काही फिरकला नाही.

निघण्याच्या दिवशी सकाळी भावेश लॉजवर आला. पुढच्या वर्षी रमजानच्या आधी दोन कंटेनर पाहिजेत, तो म्हणाला, आणि कागद या वेळी नीट करा. शिवा हो म्हणाला. भावेश गेल्यावर त्याने बमला फोन लावला. थोरला भाव रडायला लागला, मग आईने फोन घेतला, तीही रडली.

त्यानंतर शिवाने दाजीला फोन केला. दोनदा तो वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा वहिनीने उचलला, “थांबा, भावजी” एवढंच म्हणाली. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्याचा आवाज आला.

“बोल,” दाजी म्हणाला.

“माल विकला.”

“समजलं. जेवलास?”

“नाय अजून. दाजी, तुला वहिनीने...”

“तिचं काय काढतोस? पुढच्या साली माल आननार ना?”

“आणेन.”

“मग हिकडं यायचं नाय. घरी नाय, गाडीत नाय, पनवेलात समोर दिसलो तरी वळख द्यायची नाय. परत दोघं एका जागी दिसलो ना, की झाला माल दाजीचा.”

शिवा खिडकीशी उभा होता. खाली स्टँडवर पेणची गाडी लागत होती आणि माणसं दाराशी गोळा होत होती.

“आणि माल नाही आणला तर?”

“तर ये की. कवा पन ये. मी सोता घ्यायला येतो इमानतळावर.” दाजी थांबला. त्याचा आवाज एकदम हॉस्टेलातला झाला होता. “मंग? काय करतोस?”

तिकडे झोपाळा कुरकुरायचा थांबला.

“भावेशने दोन कंटेनर सांगितलेत,” शिवा शेवटी म्हणाला.

झोपाळा पुन्हा कुरकुरू लागला.

“मग भाव सोडू नको,” दाजी म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.